टबल्याच्या नाश्त्याला सासूबाईंचे लाडू

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, आम्ही क्रूझ बुक करतोय. पोरांसाठी तो कॅरेक्टर ब्रेकफास्ट, कार्टूनच्या सोंगाबरोबरचा नाश्ता, घेऊ का गं? त्याचे वेगळे पैसे पडतात."

म्हटलं, "घे. डोळे मिटून घे. फक्त सासूला बरोबर ने."

"चेष्टा करतेस?" भाची म्हणाली. भाचीचं आणि तिच्या सासूचं कसं आहे ते अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. पण मी चेष्टा करत नव्हते. आम्ही नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी जहाजावर गेलो होतो, तेव्हा क्रूझ हा शब्दसुद्धा आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला धड माहीत नव्हता. त्या ट्रिपमध्ये काय काय झालं ते सविस्तर लिहून काढते, म्हणजे भाचीलाही कळेल आणि तुमच्यापैकी ज्यांच्या डोक्यात असा बेत शिजतोय त्यांनाही.

आम्ही तेव्हा मीरारोडला नवीन होतो. परळची भाड्याची खोली सोडून स्वतःच्या वन रूम किचनमध्ये आलो होतो आणि दर उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमागे बादल्या घेऊन धावत होतो. माझा नवरा मिलिंद एका पंपाच्या कंपनीत सेल्सला. त्या वर्षी काशीगावपासून पार घोडबंदरपर्यंत जो तो बोअर मारत सुटला होता, त्यामुळे आम्ही पाण्यावाचून तडफडत असताना मिलिंदचे पंप मात्र गरम भज्यांसारखे खपले. कंपनी खूश झाली. डीलर लोकांची सिंगापूरची ट्रिप निघायची होती, त्यात त्याचंही नाव लागलं, बायको आणि मूल धरून. सिंगापूर, आणि तिथून तीन रात्री जहाज.

"आईचं तिकीट आपण काढू," मिलिंद म्हणाला. "तिला ठेवणार कोणाकडे?"

सासूबाई परभणीच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आलेल्या. मुंबईत त्यांना दोनच गोष्टींचं नवल वाटायचं, माणसं एकमेकांना चहा न विचारता दारातून परत कशी पाठवतात, आणि पाहुणा "नको" म्हणाला की खरंच कसं थांबतात. जहाजाचं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "समुद्रात जेवाया घालतात का?" घालतात म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग येते."

आता टबल्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आमची मुक्ता तेव्हा पहिलीत होती. भाईंदर स्टेशनजवळच्या एका रद्दीवाल्याकडे परदेशी पुस्तकांचे गठ्ठे यायचे, त्यातून मी तिच्यासाठी तीन चित्रांची पुस्तकं उचलली होती. तिन्ही एका पाणघोड्याची. नाव मिस्टर टबली. चौकटीचा एप्रन घालतो, एका होडीवर स्वयंपाक करतो, आणि दर पुस्तकात काहीतरी सांडतो. इंग्रजीतलं वाचून मी मराठीत सांगायचे. मुक्ताने आठवड्याभरात त्याचा टबल्या केला. महिन्याभरात तिन्ही पुस्तकं पाठ झाली आणि "अजून सांग" सुरू झालं. अजून कुठून आणू? मग मी माझ्या मनचं सांगू लागले. टबल्या घोडबंदरच्या खाडीत राहायला आला. टबल्या रिक्षात अडकला आणि रिक्षावाला म्हणाला, "अरे भाई, डबल सीट का पैसा दे." टबल्या मिठागरात झोपला आणि उठला तर अंगभर खारट झालेला, तेव्हा शेजारच्या मोर्वा गावातल्या एका आजीने त्याला झाडलं, "सुद हाय का न्हाय रं तुला? लोनच्यात पडलास का काय!" हे मुक्ताला इतकं आवडायचं की रोज एकदा तरी ती आजी यायलाच हवी.

रोज ऑफिसातून आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मी आणि मुक्ता ओट्याशी. दिवसातला तेवढा वेळ आमचा दोघींचा. बाकी सगळं धावपळीत जायचं.

आणि मिलिंदने जहाजाचं रंगीत माहितीपत्रक घरी आणलं. आत बघते तर चौकटीचा एप्रन! त्या जहाज कंपनीने मिस्टर टबलीला भाड्याने घेतलं होतं म्हणा ना. संध्याकाळी त्याचा स्टेजवर कार्यक्रम, एका सकाळी त्याच्याबरोबर नाश्ता, पोरांच्या खोलीत त्याची पुस्तकं. मुक्ताने ते चित्र पाहिलं आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये दवंडी पिटली. "मी टबल्याला भेटायला चाललेय. तो मला ओळखतो."

तो मला ओळखतो.  पोरगी ज्याला भेटायला निघाली होती तो मराठी बोलणारा, खाडीतला, तिच्या शाळेचं नाव माहीत असलेला टबल्या होता. जहाजावरचा कोण होता देव जाणे. तो तिच्याकडे नुसता बघूनही न बघितल्यासारखा पुढे गेला, तर? पोरगी म्हणेल आई थापा मारत होती. मग ओट्याशी कोण उभं राहील माझ्याजवळ? मिलिंदला बोलून दाखवलं तर म्हणाला, "तू पण ना! लहान आहे, विसरेल." विसरणाऱ्यांतली नव्हती ती. माझी मुलगी आहे.

निघालो. त्या वेळी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या दहिसरच्या पुढे यायला नाक मुरडायच्या, म्हणून शेजारच्या गुप्तांची मारुती व्हॅन सांगितली होती. दहिसर चेकनाक्यावर ट्रकांच्या रांगेत जे अडकलो ते अडकलो. सासूबाईंनी व्हॅनमध्येच धपाटे काढले आणि आधी गुप्तांना दिले. गुप्ता म्हणाले, "नहीं नहीं माताजी, खा के निकला हूँ." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनतोय?" "खाऊन आलेत म्हणतात." "आसं समदेच म्हनतात," असं म्हणून त्यांनी दोन धपाटे गुप्तांच्या मांडीवरच ठेवले. गुप्तांनी सहार विमानतळाच्या फाट्यापर्यंत तीन खाल्ले.

सिंगापूरबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. एक दिवस होतो. मुस्तफा नावाच्या भल्यामोठ्या दुकानाच्या आसपास राहिलात तर इडली-डोशाची सोय पायाशी असते आणि मिक्सरपासून घड्याळापर्यंत सगळं मिळतं. रस्ते एवढे स्वच्छ की सासूबाई चप्पल हातात घेऊन चालायच्या बेतात होत्या. व्हिसा एजंटकडून आधीच करून घ्या, आणि एक स्वेटर हातातच ठेवा. बाहेर आपल्यासारखंच उकडतं, पण आत शिरलात की एसीने दात वाजतात. जहाजावर तर त्याहून जास्त.

जहाज! मी आयुष्यात गोराईची होडी पाहिलेली. इथे बंदरात उतरले तर समोर बिल्डिंगच उभी, आमच्या सोसायटीच्या चारपाच विंगा एकावर एक रचाव्यात तशी. सासूबाई खालून वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्ये तरंगतंय?" मिलिंद म्हणाला, "हो आई." "तरंगू दे बापा," असं म्हणून त्या आत शिरल्या.

खोली आतली, खिडकी नसलेली. कंपनीने दिलेली, काय बोलणार. तुम्ही स्वतःच्या पैशाने जात असाल तर थोडे वाढवून खिडकीची घ्या, नाहीतर सकाळ झालेलीच कळत नाही. वर दुमडून ठेवलेली बंक, म्हणजे भिंतीतली खाट, खाली आली की पोरं खूश. पहिल्याच दुपारी सगळ्यांना केशरी जॅकेटं घालून डेकवर उभं करतात, बुडालो तर काय करायचं त्याची तालीम. सासूबाईंनी नऊवारीवर जॅकेट घातलं आणि मिलिंदला फोटो काढायला लावला. आणि हो, नाश्त्याची कुपनं चढल्याचढल्या काउंटरवरून घ्या, टेबलं भराभर संपतात. आम्ही दुसऱ्या दिवशीची घेतली. कुपनावर छापलेलं, मिस्टर टबली तुम्हाला नाश्त्याला बोलावत आहेत. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

संध्याकाळी कार्यक्रम. मुक्ताला मी तिचा निळा फ्रॉक घातला. तिने स्वतःच केसांना दोन क्लिपा लावल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या. पहिल्या रांगेत जागा मिळवण्यासाठी आम्ही जेवण घाईत उरकलं. आमच्या ग्रुपमधले नवसारीचे डीलर आणि त्यांच्या मिसेस ज्योत्स्नाबेन शेजारी. लाल पडदा, गाणं, धूर, आणि आला.

मोठा, राखाडी, चौकटीच्या एप्रनचा. डोकंच केवढं, आमच्या टँकरच्या झाकणाएवढं. चालला तर पोट हालायचं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याचं बोलणं मात्र टेपवर आधीच भरलेलं, जाडाभरडा विलायती आवाज. तो फक्त हातवारे करत होता. त्याने पॅनकेक उडवले, एक स्वतःच्या डोक्यावर पाडून घेतला, पिठाची पिशवी सांडली. अगदी पुस्तकातल्यासारखं. शेवटी तो खाली उतरला आणि रांगेसमोरून हात हलवत जाऊ लागला.

मुक्ता खुर्चीवर उभी राहिली. "टबल्या! ए टबल्या! मी मुक्ता! मीरारोडची!"

तो थांबला. खरंच थांबला. त्याने मान वळवली, सगळ्यांना करत होता तसाच हात हलवला, आणि पुढे ज्योत्स्नाबेनना हात हलवून निघून गेला.

बस. एवढंच झालं. मुक्ता खाली बसली. रडली नाही. क्लिपा काढल्या आणि मुठीत धरून ठेवल्या. खोलीत आल्यावर फ्रॉक न बदलता बंकवर चढली आणि भिंतीकडे तोंड केलं. मग तिने विचारलं, "आई, तू मनाचंच सांगत होतीस का?"

 "झोप आता," एवढंच म्हटलं. मग हुंदक्याने तिचे खांदे हलताना दिसले. त्या रात्री मी तिला काहीच सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

सकाळी मुक्ता म्हणाली, "मला नाही जायचं नाश्त्याला."

मिलिंद म्हणाला, "मग वरच्या हॉलमध्ये जाऊ, तिथे इडली आहे म्हणे." मला तर बरंच वाटलं. पुन्हा तो हात हलवणारा पाणघोडा बघायची माझीच तयारी नव्हती. आम्ही तिघंही निघालोच होतो तर सासूबाई बाथरूममधून आंघोळ करून, हिरवं इरकली लुगडं नेसून बाहेर आल्या. हातात स्टीलचा डबा.

"हे काय आई?" मिलिंद म्हणाला.

"जेवाया बोलीवलंय ना त्येनं? रिकाम्या हातानं जायाचं व्हय?"

आमच्या लक्षात आलं. त्यांनी कुपनातलं वाक्य शब्दशः घेतलं होतं. रात्रीच्या कार्यक्रमात त्या अर्धा वेळ पेंगत होत्या, त्यांना टबल्या म्हणजे कोण, सोंग की माणूस, जहाजाचा मालक की आचारी, काही पत्ता नव्हता. त्यांच्या हिशेबी कोणीतरी आपल्याला कुटुंबासकट घरी जेवायला बोलावलं होतं. मिलिंदने समजवायचा प्रयत्न केला, "अगं आई, ते सगळ्यांनाच बोलावतात. नाही गेलं तरी चालतं."

"आन्न शिजवून बसलेल्या मान्साकडं जायाचं न्हाई? बोलावनं मोडत न्हाईत, मिलिंद. तुज्या बापानं कदी मोडलं न्हाई." झालं. बापाचं नाव निघालं की आमच्या घरात पुढचा मुद्दाच नसतो. सासूबाईंनी मुक्ताचा हात धरला. मुक्ता आजीला नाही म्हणत नसे. आम्ही मागून.

नाश्त्याचा हॉल मस्त सजवलेला. छताला कागदी पळ्या-चमचे टांगलेले, पाणघोड्याच्या आकाराचे पॅनकेक, निळं दूध, टेबलावर एकेक कागदी टोपी. टबल्या टेबलाटेबलाशी जायचा, पोराला मिठी मारायचा, फोटोवाला क्लिक करायचा, की पुढे. बरोबर एक फिलिपिनो ताई, हातात घड्याळ आणि तोंडावर कायमचं हसू. प्रत्येक टेबलाला मिनिट-दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. फोटो संध्याकाळी बोर्डावर लावतात, हवा तर विकत घ्या. एक सूचना: एकदम लहान, दोनतीन वर्षांची पोरं असतील तर त्याला अचानक समोर आणू नका. शेजारच्या टेबलावरचं एक पोर भोकाड पसरून टेबलाखाली जाऊन बसलं ते उठेचना.

मुक्ताने टोपीला हात लावला नाही. मी प्लेट भरून आणल्या आणि पॅनकेकला काटा लावणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा. त्येला येऊ द्या."

"आई, गार होईल."

"यजमान उपाशी आन् आपुन गिळायचं?"

थांबलो. अख्ख्या हॉलमध्ये सगळे खातायत आणि आमच्या टेबलावर चार भरलेल्या प्लेटांपुढे चार माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली. वेटर दोनदा येऊन विचारून गेला, काही चुकलंय का.

शेवटी तो आला. मुक्ताकडे वाकून त्याने हात पसरले. मुक्ता खुर्चीत मागे सरकली. फोटोवाला म्हणाला, "स्माईल!" ती हसली नाही. त्याने तरी क्लिक केलं. आणि टबल्या पुढच्या टेबलाकडे वळला, तर त्याच्या एप्रनचा कोपरा सासूबाईंनी धरलेला.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी ओढली, एक कोरी प्लेट मांडली आणि डबा उघडला. शेंगदाण्याचे लाडू, गुळातले, मऊ.

फिलिपिनो ताई लगबगीने पुढे आली. इंग्रजीत म्हणाली, "सो स्वीट! पण मिस्टर टबली आधीच जेवलेत."

"काय म्हनती ती?"

मी म्हटलं, "त्याचं झालंय म्हणते."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या जन्माची कीव करतायत. मग त्यांनी टबल्याला आग्रह सुरू केला. परभणीचा आग्रह. "एकच. माज्या हाताचा हाय. घरनं आनलाय. एवढ्या लेकरांचं करतोस, तुला कोन विचारतंय का?" टबल्याने ते भलंमोठं डोकं डावीकडे उजवीकडे हलवलं. नको. सासूबाई आनंदल्या. "लाजतंय," मला म्हणाल्या. त्याने पोटावरून हात फिरवला, भरलंय. "पोटाचं मला नगं सांगू." त्याने लाडू हातमोज्यात घेतला, तोंडाशी नेला, खाल्ल्याचं सोंग करून पुन्हा हळूच प्लेटमध्ये ठेवायला गेला. ते सासूबाईंनी बघितलं. परभणीत हे सगळे प्रकार त्यांनी सत्तर वेळा पाहिलेले असणार. त्या उठल्या, लाडू उचलला, एका हाताने त्याचा तो रबरी जबडा धरला आणि दुसरा हात मनगटापर्यंत आत घातला.

"आई!" मिलिंद ओरडला.

सगळा हॉल वळून बघू लागला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. त्या तोंडात जाळी होती, आतल्याला बाहेरचं दिसायला, आणि तिच्या खाली फट. सासूबाईंचा हात तिथे थांबला.  मग त्यांचा हात बाहेर आला. रिकामा.

आणि आतून चावल्याचा आवाज आला. खरंच. मचमच मचमच. ते केवढालं डोकं सावकाश वरखाली हललं. मग टबल्या त्या खुर्चीत बसला, खुर्ची कुरकुरली, आणि त्याने हातमोजा पुढे केला. अजून एक.

मुक्ता खुदकन हसली. कालपासूनचं पहिलं हसू. ती उठून आजीजवळ गेली, वाकून थेट त्या तोंडात बघितलं, आणि दुसरा लाडू स्वतः आत दिला. "आजीने केलेत," ती मराठीत त्याला म्हणाली. "गूळ आहे, साखर नाही." त्याने मान हलवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, मोजून दिल्यासारखा नाही. मग सासूबाई खाली बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "आता जेवा."

एवढ्यात पलीकडून ज्योत्स्नाबेनचा आवाज, "अरे, हमारे टेबल पे भी भेजो उसको! खाखरा है, मेथी का!" तिसऱ्या टेबलावरच्या मद्रासी आजोबांनी मुरुक्कूची, म्हणजे त्यांच्या चकल्यांची, पिशवी वर केली. फिलिपिनो ताईचं हसू पहिल्यांदा गळालं. तिने टबल्याला दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ पळवतच दाराकडे नेलं. जाता जाता त्याने एक खाखरा घेतला असं ज्योत्स्नाबेन पुढे तीन दिवस सांगत होत्या. मला दिसलं नाही, पण मी नाही म्हणणार नाही.

पुढची सगळी ट्रिप मी हवेत होते. जहाज एका मलेशियन बंदराला लागलं, बसने एक देऊळ आणि एक बाजार दाखवला, उकाड्याने जीव गेला, नारळपाणी महाग होतं, सगळं मला छानच वाटलं. मी मुक्ताला दहादा म्हटलं असेल, "बघ, ओळखलं की नाही त्याने?" ती म्हणायची, "हं." मुक्ताने स्विमिंग पूलमध्ये धुमाकूळ घातला, पोरांच्या खोलीत एका कोरियन मुलीशी मैत्री केली, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता पण सकाळ संध्याकाळ खिदळत होत्या. नाश्त्याचा फोटो आम्ही विकत घेतला. त्यात मुक्ता फुगलेली आहे आणि कोपऱ्यात हिरव्या इरकलीतला एक हात एप्रन धरून आहे. अशा ट्रिपमध्ये बाकी काही घ्या न घ्या, तो फोटो घ्या. बुफेवर तुटून पडू नका, तिसऱ्या दिवशी पोट बंड करतं. आणि कोणाला जहाज लागत असेल तर आवळासुपारी गोळ्यांपेक्षा बरी, हा मिलिंदचा अनुभव. पंपवाला माणूस, पण पाण्यावर दोन तास आडवा होता.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपड्यांचा ढीग उपसत होते, सासूबाई भाकऱ्या करत होत्या आणि मुक्ता दारात बसून शेजारच्या गुप्तांच्या पिंकीला ट्रिप सांगत होती. पिंकीने विचारलं, "वो सच्ची का था?"

"नहीं रे," मुक्ता म्हणाली. "अंदर आदमी था. दादा जैसा. उसके दांत दिखे मेरे को. बहुत पसीना आया था उसको, और भूख लगी थी."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पिंकी गेल्यावर मी मुक्ताला जवळ बोलावलं. "तुला माहीत होतं? आत माणूस आहे ते?"

"लाडू देताना बघितलं ना. तू नाही बघितलंस?"

"मग मी ओळखलं ओळखलं म्हणत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू एवढी खूश होतीस."

मी खाली बसले. म्हटलं, विचारूनच टाकावं. "मग आपला टबल्या?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, थेट आजीची. "तो तिथे कशाला असेल? तो तू बोलतेस तेव्हा असतो."

"मग त्या रात्री रडलीस का गं?"

मुक्ता कपड्यांच्या ढिगातल्या कशाची तरी गुंडी फिरवत राहिली. "तू काहीच सांगितलं नाहीस. मला वाटलं, आता तू सांगायचं बंद करणार."

इतके दिवस मी घाबरत होते की ही ऐकायचं बंद करेल. आणि ही एवढीशी, भिंतीकडे तोंड करून, त्याच भीतीने मुसमुसत होती. मला रडूच आलं. लपवलं वगैरे नाही, तिला मांडीवर ओढून चांगली हमसून रडले.

मुक्ता माझ्या कवेतून मान बाहेर काढून ओरडली, "आजी, आई रडतेय!"

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "रडू दे. भाकर निवायच्या आत थांब म्हनावं, आन् मंग त्या तुज्या टबल्याचं सांगाया लाव. मलाबी आयकायचंय."